नवरी उजेडात, नवरा अंधारात

लग्नाच्या आदल्या रात्री अकराच्या पुढं फोन वाजला की मी ओळखतो, कुणाचा तरी फ्लॅश पडंना झालाय. परवाचा फोन सेलूहून होता. "काका, फ्लॅश हाय का तुमच्याकडं? सकाळी अकरा चाळीसचा मुहूर्त हाय." मी म्हटलं, सात आहेत, आधी तुझा कॅमेरा कोणता ते सांग. त्यानं मॉडेल सांगितलं आणि सातातले सहा तिथंच बाद झाले.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, फ्लॅश म्हणजे काय, वर खोचायचा दिवा. कुठलाही बल्ब कुठल्याही होल्डरला बसतो तसा. पण परभणीत एखाद्या फोटोग्राफरनं नवा फ्लॅश घेतला तर दुसरा आधी त्याची किंमत विचारत नाही. उलटा करून पाय बघतो. पायावर ठिपके किती, कसे, ते.

माझ्या उस्तादांच्या काळात हे नव्हतं. त्यांच्याकडं पेंटॅक्स के-१००० आणि नॅशनलचा फ्लॅश. तोच फ्लॅश याशिकावर चाले, तोच झेनिटवर. फ्लॅशच्या बुडाला एक ठिपका, कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक ठिपका. शटर उघडलं की आतली दोन टोकं जुळायची आणि उजेड पडायचा. भानगड फक्त वेगाची. त्या पेंटॅक्सचं कापडी शटर आडवं सरकतं. १/६० सेकंदापर्यंत सगळी चौकट एकदम उघडी असते. त्याच्या पुढं गेलात की फ्लॅश पडतो तेव्हा एक बाजू पडद्याआडच राहते. मानवतच्या एका लग्नात गर्दीत धक्का लागून डायल १२५ वर गेली. छत्तीसचा रोल धुऊन आला तर नवरी लखलखीत आणि शेजारचा नवरा गुडुप अंधारात. नवरीकडच्यांनी अल्बमचे पैसे दिले. नवऱ्याच्या बापानं वर्षभर उस्तादांना रामराम घातला नाही. त्या दिवसापासून उस्तादांच्या डायलवर कायम चिकटपट्टी असे.

तो नॅशनल नंतर माझ्याकडं आला आणि त्यानंच मला पहिला मोठा फटका दिला. २००९ साली कर्ज काढून डिजिटल कॅमेरा घेतला. नवा फ्लॅश घ्यायला पैसे उरले नव्हते, म्हणून उस्तादांचा चढवला. दोन-चार फोटो निघाले असतील. मग टक् असा बारीक आवाज आला आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा शू, म्हणजे फ्लॅश खोचायची खाच, कायमचा मेला.

स्टेशन रोडला एका बोळात रेडिओ-टेपपासून कॅमेऱ्यापर्यंत सगळं उघडणारे एक चाचा बसत. त्यांनी फ्लॅश चार्ज केला, मीटरची टोकं ठिपक्याला लावली आणि काटा मला दाखवला. "देख बेटा, इस पिन पे दो सौ तीस आ रा. तेरे कॅमेरे कू छे से ज्यादा नक्को." जुन्या फ्लॅशमध्ये ट्यूब पेटवायचा दाब थेट त्या ठिपक्यावर यायचा. फिल्मच्या कॅमेऱ्यात दोन पितळी पट्ट्या नुसत्या चिकटत, त्यांना त्याचं काही वाटत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात पट्ट्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक स्विच आला आणि काहींना तेवढा दाब सोसेना. दुरुस्तीला जेवढे सांगितले तेवढ्यात दोन साधे फ्लॅश आले असते. मी शू तसाच सोडला आणि कॅमेऱ्याच्या बाजूच्या भोकातून वायर काढून काम केलं.

पायाचं राजकारण मात्र त्याआधीच सुरू झालं होतं. मिनोल्टानं १९८८ मध्ये आपला वेगळ्याच घाटाचा शू काढला. पुढं तिचा कॅमेऱ्याचा धंदा सोनीकडं गेला, सोनीनं तोच शू चालवला आणि २०१२ मध्ये पुन्हा बदलला. म्हणजे ज्यानं श्रद्धेनं जुने फ्लॅश जमवले त्याच्या हातात अडॅप्टर आला. बाकीच्यांच्या शूचं माप जगभर ठरलेलं आहे, मधला ठिपकाही बहुतेकांचा सारखा. मधल्या ठिपक्याची भाषा एकच: मार. पण भोवतीच्या बारक्या ठिपक्यांतून कॅमेरा फ्लॅशशी बोलतो, किती उजेड टाकायचा ते सांगतो, आणि ती बोली प्रत्येक घराण्याची निराळी. कॅननची १९९५ पासून ई-टीटीएल, निकॉनची २००३ पासून आय-टीटीएल. फिल्मवरून परतणारा उजेड मोजायची जुनी रीत डिजिटल सेन्सरवर नीट जमेना, म्हणून बोल्याही बदलल्या. गोडॉक्ससारख्या चिनी कंपन्यांनी मग एकच फ्लॅश प्रत्येक घराण्यासाठी वेगळा पाय लावून विकायला काढला. दुकानात शेवटचं अक्षर न बघता उचललात तर परतीच्या देवगिरी एक्स्प्रेसमध्ये मांडीवर घेऊन बसा.

तरी हाताशी एक मार्ग होता. बोली जुळली नाही तर मधल्या ठिपक्यावर, मॅन्युअलवर भागायचं. मित्राचा, शेजाऱ्याचा, कुणाचाही फ्लॅश आणा, अंदाजानं पॉवर ठेवा. आमचा निम्मा धंदा या उसनवारीवर चाले. मग एका बड्या कंपनीनं आपल्या स्वस्तातल्या मॉडेलांतून तो मधला ठिपकाच काढून टाकला. सेलूच्या पोराचा कॅमेरा त्यातलाच. नवीन धंद्यात आलेलं पोरगं स्वस्त कॅमेरा घेतं आणि त्यालाच महागडा, त्याच घराण्याची बोली बोलणारा फ्लॅश घ्यावा लागतो. मला यात कंपनीचा हिशेब दिसतो. कुणी तांत्रिक कारण सांगितलं तर ऐकून घेईन.

किमतीचं रडगाणं फार लांबवत नाही. २००८ च्या सुरुवातीला डॉलर चाळिसाच्या आसपास होता, २०२२ च्या जुलैत त्यानं ऐंशी ओलांडले, आणि आमच्या पिशवीतलं जवळजवळ सगळं बाहेरून येतं. कॅननचा ईएल-१ २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा अमेरिकेतच त्याची किंमत अकराशे डॉलरच्या घरात होती. तो आकडा मी रुपयांत करून बायकोला सांगितला. ती म्हणाली, "त्याच्यात नवरीबी येती का?"

हल्लीची पोरं ड्रोनच्या गोष्टी सांगतात. आमचं काम द्रोणावर चालायचं. मांडवाचं छत लाल-पिवळं. फ्लॅश वर मारला की तोच रंग खाली येतो आणि सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं. सरळ मारला तर घामाचे चेहरे चमकतात. मे महिन्यात आमच्याकडं घामाला तोटा नाही. मग पंगतीतला थर्माकोलचा पांढरा द्रोण उचलायचा आणि रबरानं फ्लॅशच्या तोंडावर बसवायचा. उजेड साय धरल्यासारखा मऊ होतो. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली आणि आमचा डिफ्यूजरही विकत घ्यायच्या यादीत गेला.

जिंतूरच्या लग्नातली फजिती अजून आठवते. दोन कोपऱ्यांत दोन स्लेव्ह फ्लॅश लावले होते. स्लेव्ह म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की आपणही पेटणारा. रेडिओ ट्रिगरपेक्षा स्वस्त म्हणून घेतलेला. नवरीचे मामा पुण्याहून आले होते, गळ्यात नवाकोरा छोटा कॅमेरा. त्यात डोळे लाल येऊ नयेत म्हणून खऱ्या फ्लॅशआधी दोन-तीन छोटे फ्लॅश पडत. मामांनी बटण दाबलं की माझे दोन्ही कोपरे नमस्कार केल्यासारखे पेटायचे. हळदीपासून मामा थांबले नाहीत. अंतरपाट धरला तेव्हा माझे पेन्सिल सेल संपत आले होते आणि चार्ज व्हायला दहा-दहा सेकंद लागायले. अक्षता पडल्या त्या क्षणी मी मारला, काहीच नाही. फोटो मामांच्या कॅमेऱ्यात सुरेख आला. तो मागून घेऊन मी अल्बममध्ये लावला. मामांना एक प्रत फुकट द्यावी लागली.

सेलूचा पोरगा रात्री बाराला मोटारसायकलवर आला. त्याला चालणारा एकुलता एक फ्लॅश दिला, सेलचा जादा संच दिला, परत कधी देणार ते विचारलं नाही. तो गेल्यावर उरलेले सहा टेबलावर मांडले. महिन्यातून एकदा चार्ज करून मारले नाहीत तर कंडेन्सर मरतो, असं चाचांनी बजावलेलं आहे, आणि या महिन्याचं राहिलं होतं. एकेक चार्ज करून कोऱ्या भिंतीवर मारत बसलो. टपरी बंद करून निघालेल्या पानवाल्यानं अर्ध्या शटरखालून डोकं घातलं.

"काय ओ काका, एवढ्या रातीला कुणाचा फोटो काढायलाव?"