नव्या पकडपटूकडून अपेक्षा किती ठेवावी?



शेतकरी बैलबाजारात जातो तेव्हा जनावराचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. तरीही घरच्या बैलाच्या जोडीला त्याला जुंपून नांगराचे पहिले तास सरळ निघेपर्यंत त्याच्या मनातील धाकधूक जात नाही. माणसाची तुलना जनावराशी करणे प्रशस्त नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू होऊन खेळाडूंची बोली लागू लागली, तेव्हापासून कबड्डीच्या रसिकाची मनःस्थिती पुष्कळशी या शेतकऱ्यासारखी झाली आहे. आपल्या संघाने नवा गडी घेतला, मोठी रक्कम मोजली. आता हा गडी चालेल का, एवढा एकच प्रश्न पारावर आठवडाभर पुरतो.

हा प्रश्न चढाईपटूच्या बाबतीत तितकासा अवघड नाही. चढाईपटू एकटा जातो, एकटा गुण आणतो; त्याचे माप लवकर लागते. खरी अडचण पकडपटूची आहे. त्याची पारख कशी करावी, आणि त्याच्यावर आशा किती व शंका किती धरावी, याचा विचार आज करावयाचा आहे.

नव्या बचावपटूविषयीची ही धाकधूक आपल्यापुरतीच आहे असे मात्र नाही. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळात, बचावाच्या पहिल्या फळीमागे उभा राहून येणाऱ्याला आडवा करणारा एक गडी असतो. त्याला लाइनबॅकर म्हणतात. तेथे नव्या खेळाडूंचा लिलाव होत नाही. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्याने पहिली निवड करावयाची, मग त्याच्या वरच्याने, अशी रीत १९३६ पासून चालू आहे. आपल्याकडे २०२२ साली अल्टिमेट खो-खो ही लीग निघाली, तिनेही लिलावाऐवजी निवडीचीच पद्धत घेतली. परंतु पद्धत कोणतीही असो, अंदाज चुकावयाचा तो चुकतोच. २००९ साली अ‍ॅरन करी नावाचा लाइनबॅकर साऱ्या देशात चौथ्या क्रमांकाने निवडला गेला. ज्या संघाने मोठ्या आशेने त्याला घेतले त्याने अडीच वर्षांतच त्याला दुसरीकडे धाडले. उलट झॅक थॉमस हा १९९६ साली १५४ वा निवडला गेला, आणि २०२३ साली त्या खेळाच्या सर्वोच्च सन्मानितांमध्ये जाऊन बसला. जाणत्या पारख्यांची ही गत, तर पारावरच्या मंडळींनी आपले मत थोडे सैल धरावे, हे बरे.

आता कबड्डीकडे वळू. सात गडी अंगणात उभे असतात. दोन टोकांना दोन कोपरारक्षक आणि त्यांच्या आतल्या अंगाला मध्यरक्षक. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून येतो. मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर, आणि तिच्या पलीकडे आणखी १ मीटरवर बोनसरेषा. बोनसच्या मोहाने चढाईपटूने पाय आत टाकला, की कोपरारक्षक खाली झेपावून त्याचा घोटा धरतो. प्रेक्षकांना दिसते ती एवढीच गोष्ट, आणि टाळ्या पडतात त्याही तिला. परंतु घोटा धरला म्हणजे पकड झाली, असे नाही. घोटा धरलेला चढाईपटू सारे अंग मध्यरेषेकडे झोकून देतो. त्याची बोटे रेषेपलीकडे टेकली, तर धरणारा बाद होतो आणि गुण प्रतिपक्षाला जातो. त्या निमिषार्धात शेजारचा मध्यरक्षक धावून येऊन वाट अडवतो तेव्हाच पकड पुरी होते. मौज अशी, की पकडीचा गुण साधारणतः पुढाकार घेणाऱ्याच्या नावे मांडला जातो. वाट अडवणारा हिशेबात दिसत नाही. म्हणजे पकडपटूच्या नावापुढे जो आकडा आपण वाचतो, तो पुष्कळ वेळा दोघातिघांच्या मेहनतीचा असतो. आणि लिलावात बोली लागते ती मात्र एकट्यावर.

आमच्या म्हणण्याला एक ढळढळीत उदाहरण आहे. इराणचा महंमदरेझा शादलुई हा डावा कोपरा सांभाळणारा खेळाडू. २०२१ च्या लिलावात तो पाटणा संघाकडे आला आणि त्या हंगामात अव्वल पकडपटू ठरला. पाटणा अंतिम सामन्यात दिल्लीकडून ३६ विरुद्ध ३७ असा अवघ्या एका गुणाने हरले. पुढे ऑक्टोबर २०२३ उजाडला. ७ ऑक्टोबरला हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारत आणि इराण यांचा अंतिम सामना झाला. एका चढाईच्या निर्णयावरून खेळ बराच वेळ थांबला, वाद झाला, आणि अखेर भारताने ३३-२९ असे सुवर्णपदक घेतले. शादलुई त्या दिवशी समोरच्या बाजूला होता. आणि ९ व १० ऑक्टोबरला मुंबईत लिलाव झाला, त्यात पुणेरी पलटणने याच शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतले.

पुण्याच्या रसिकांच्या मनात काय काय आले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. परवापर्यंत ज्याच्याविरुद्ध आपण ओरडलो, तो आज आपला! संघाला खर्चायला एकूण ५ कोटींची मर्यादा. त्यातील जवळजवळ निम्मी रक्कम एका कोपऱ्यावर! त्याच कोपऱ्यावर आदल्या हंगामात फझल अत्राचली हा मुरलेला इराणी खेळाडू होता, आणि डिसेंबर २०२२ मध्ये पुणे अंतिम सामन्यापर्यंत पोचले होते. मग बदल कशाला? शिवाय शादलुईची रीत वाट पाहण्याची नव्हे, पुढे होऊन झेप घेण्याची. अशा गड्याची झेप साधली तर डोळ्यांचे पारणे फिटते. हुकली तर साखळीला खिंडार पडते. या शंका खोट्या नव्हत्या. त्या विचारी माणसाच्या शंका होत्या.

प्रत्यक्षात काय झाले? पुण्याने साखळी फेरीत २२ पैकी १७ सामने जिंकले, केवळ २ गमावले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणाला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद मिळवले. शादलुई त्या हंगामातही पकडपटूंमध्ये पहिला आला. परंतु त्याच्या भोवती कोण होते हे पाहा. उजव्या कोपऱ्यावर गौरव खत्री, मध्ये अभिनेष नादराजन आणि संकेत सावंत, कर्णधार आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, आणि शिकवायला बी. सी. रमेश यांच्यासारखा जाणता. अंतिम सामन्यात पुण्यातर्फे सर्वाधिक गुण मिळवले ते पंकज मोहितेने. कोट्यवधींचा गडी त्या दिवशी इतरांतील एक होता; आणि तेच बरोबर होते.

पुढील कथा अधिक बोलकी आहे. २०२४ मध्ये शादलुई हरियाणाकडे २ कोटी ७ लाखांना गेला आणि हरियाणाने पहिले विजेतेपद जिंकले, तेही पुण्याच्याच बालेवाडीत. तेव्हा लोक म्हणू लागले, की हा जेथे जातो तेथे यश जाते. २०२५ मध्ये गुजरातने त्याच्यासाठी २ कोटी २३ लाख मोजले. आणि गुजरात पहिल्या आठांतही आले नाही. माणूस तोच, हात तेच, झेप तीच. बदलले ते शेजारी.

हाच धडा चढाईपटूंच्या बाबतीतही मिळाला आहे. पवन सेहरावतला २०२२ साली तमिळ संघाने २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि सारा हंगाम तो बाहेर बसला. रसिकांनी कपाळाला हात लावला असेल. परंतु तो संघ उरलेल्या पोरांच्या बळावर प्रथमच उपांत्य फेरीत गेला! दुसऱ्या वर्षी तेलुगू संघाने पवनसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम दिली. तो उत्तम खेळला, आणि संघाने २२ पैकी अवघे २ सामने जिंकले.

यावरून बोली निरर्थक असते असा अर्थ कोणी काढू नये. बोली खोटे सांगत नाही. ती अर्धेच सांगते. खेळाडूने मागे काय केले, आणि त्या दिवशी किती संघांना त्याची गरज होती, एवढ्याच दोन गोष्टी त्या आकड्यात असतात. पुढे तो कोणाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहणार, हे त्या आकड्यात नसते. म्हणून नवा पकडपटू आला, की ‘केवढ्याला घेतला?’ हा प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न असा, की ‘याच्या शेजारी कोण उभा राहणार?’ आणि निकाल देण्याची घाई नसावी. दोन अनोळखी माणसांनी एकमेकांच्या हालचाली डोळे मिटून ओळखाव्यात, याला काही सामने जावेच लागतात. पहिल्या दोन सामन्यांत चार पकडी फसल्या म्हणून ज्याला आपण नावे ठेवतो, तो कदाचित शेजाऱ्याची वाट पाहत असतो.

ही चर्चा दूरच्या शहरांतील संघांची वाटेल; परंतु परभणी-पूर्णा लोहमार्गावरील आपल्या पिंगळीसारख्या गावाशी तिचा अगदी जवळचा संबंध आहे. चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजारांना मुंबईच्या संघात गेला आणि पुढच्याच वर्षी त्याची बोली १ कोटी ४५ लाखांवर पोचली. अशी बातमी गावोगाव पोचते आणि घरोघरीची पोरे स्वप्ने पाहू लागतात. स्वप्न पाहू नये, असे मी म्हणणार नाही. पण हिशेब सांगणे हे वडीलधाऱ्यांचे काम आहे. लीगचे संघ १२; एका संघात फार तर २५ गडी; म्हणजे देशातले व परदेशचे मिळून अधिकात अधिक ३०० जागा. त्यांतील कोटीचा आकडा मूठभरांच्याच वाट्याला येतो. आणि गुडघा एकदा गेला, की लिलावाची यादी त्या मुलाची वाट पाहत बसत नाही. म्हणून त्याचे शिक्षण सुटू देऊ नये. शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. परंतु त्याही पात्रतेच्या परीक्षा वगळून मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट रसिक या नात्याने आपल्या हाती आहे. उद्या आपल्याच पंचक्रोशीतील एखादा मुलगा अशा संघात गेला, तर पहिल्या दिवशी त्याची मिरवणूक काढणारेही आपणच असू, आणि तिसऱ्या सामन्यात त्याची पकड हुकली की ‘पैसा डोक्यात गेला’ म्हणणारेही आपणच. वीस वर्षांच्या पोराला या दोन्ही गोष्टी सारख्याच जड जातात. आशा धरावी, पण तिचे ओझे एकट्याच्या खांद्यावर देऊ नये. शंका धरावी, पण ती साऱ्या साखळीविषयी असावी.

जत्रेच्या सामन्यांत यापुढे एक गोष्ट करून पाहा. पकड झाली, की घोटा धरणाऱ्याकडे न पाहता वाट अडवणाऱ्याकडे पाहा, आणि पहिली टाळी त्याला द्या. खेळ पाहण्याची दृष्टी तेथून सुरू होते. मग कोणत्याही नव्या गड्याविषयी काय आशा धरावी, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.