फिरत्या घराचा रात्रमुक्काम
मोटरहोम, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटार, घेऊन फ्रान्समध्ये हिंडणाऱ्यांसाठी अनेक नगरपालिकांनी ‘एर’ नावाचे मुक्कामतळ राखले असून तेथे बहुधा पाणी भरता येते, सांडपाणी सोडता येते आणि रात्रही काढता येते. ‘फ्रान्स पासियों’ या योजनेच्या सभासदांना तर द्राक्षमळेवाले व शेतकरी आपल्या आवारात २४ तास विनामूल्य थांबू देतात, आणि यजमान जवळच असल्याने हीच सोय सर्वांत निर्धास्त म्हणावी लागेल. जर्मनीत थकवा घालवण्यापुरती एक रात्र रस्त्याकडेला गाडीत झोपण्याची मुभा आहे; मात्र बाहेर खुर्च्या मांडल्या की ते तळ ठोकणे ठरते. महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळी चोऱ्या होतात, म्हणून तेथे रात्र काढू नये. अंधारापूर्वीच मुक्काम गाठावा.