चाळिशी लागते तेव्हा

आपल्या मराठीत एकच शब्द दोन कामं करतो. चाळिशी म्हणजे वयाची चाळीस वर्षं आणि चाळिशी म्हणजे जवळचं वाचायला लागणारा चष्मा. पेपर हात लांब करून धरायला लागलात की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "चाळिशी लागली बरं का!" माझंही तसंच झालं. चष्मेवाल्यानं नंबर काढला, अक्षरं पुन्हा काळीभोर दिसू लागली. पण त्याच सुमारास आणखी काहीतरी अंधूक व्हायला लागलं होतं आणि त्याचा नंबर काढून देणारा कुणी भेटेना.

तसं पाहिलं तर दुःख कसलंच नव्हतं. नोकरी पक्की, घराचे हप्ते चालू, आईची औषधं वेळेवर, मुलगा अभ्यासात बरा. तरी सकाळी लोकलच्या गर्दीत लोंबकळताना मनात यायचं, हे सगळं आपण कधी ठरवलं होतं? पुरुषानं असला प्रश्न मोठ्यानं विचारायची आपल्याकडे रीत नाही. कट्ट्यावर आपण राजकारण बोलतो, अलीकडे शुगर आणि बीपीही बोलतो. हे बोलत नाही. आपल्या आश्रमव्यवस्थेतही चाळिशी म्हणजे ऐन गृहस्थाश्रम, वानप्रस्थाला अजून दहा वर्षं अवकाश! एलियट जॅक्स या मनोविश्लेषकानं १९६५ सालच्या एका निबंधात 'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्द वापरला आणि तो जगभर झाला. अर्थात दुखण्याला नाव मिळालं म्हणून औषध मिळतंच असं नाही.

अशा वेळी माणूस दाखले शोधतो. मला पहिले आठवले दादासाहेब फाळके. १८७० सालचा जन्म, म्हणजे १९१०च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला तेव्हा ते चाळिशीचे होते. छापखान्याच्या भागीदारीतून नुकतेच बाहेर पडलेले, पदरी संसार. त्या तंबूत पडद्याकडे पाहता पाहता त्यांना राम-कृष्ण दिसू लागले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ऐकताना वाटतं, एका संध्याकाळी वीज चमकली आणि आयुष्य बदललं.

पण जरा मागे जाऊन पाहा. हा माणूस १८८५ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात. मग फोटोग्राफी, मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाई. मधल्या काळात जादूचे प्रयोगसुद्धा शिकले आणि आपलंच आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून रंगमंचावर उभे राहिले. नातेवाईक नक्की म्हणत असतील, एक धंदा धड करत नाही! चित्रकला, प्रकाश, रसायनं, हातचलाखी, हे सगळं जिथे एकत्र येतं अशी एकच जागा होती आणि ती चाळिशीपर्यंत त्यांच्यासमोर आलीच नव्हती. वीजबीज काही चमकली नाही. वीस-पंचवीस वर्षं गोळा केलेलं सामान कुठे लावायचं ते कळलं, इतकंच.

डॉ. श्रीराम लागूंचंही तेच. १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास, कान-नाक-घशाच्या या डॉक्टरानं वैद्यकी सोडली आणि 'इथे ओशाळला मृत्यू'पासून पूर्णवेळ नट म्हणून उभं राहायचं ठरवलं. वर्षभरात 'नटसम्राट' आलं. हे सांगताना आपण एक गाळतो. त्याआधी कितीतरी वर्षं हा माणूस पुण्यात पीडीएमध्ये आणि मुंबईत 'रंगायन'मध्ये नाटकं करत होता, दवाखाना सांभाळून. मधे टांझानियात सर्जन म्हणूनही काम केलं. म्हणजे राजीनामा शेवटी आला. राजीनामा खिशात घालून आधी हिमालयात जाणाऱ्यांच्या कथांवर माझा म्हणूनच फारसा विश्वास नाही.

मग मी स्वतःला विचारलं, कुणी पैसे देत नव्हतं तेव्हा मी काय करत होतो? उत्तर फार मागे नव्हतं. कॉलेजात असताना चाळीच्या गॅलरीत संध्याकाळी पाच-सात पोरं माझ्याकडे गणित शिकायला बसायची. नोकरी लागली आणि ते सुटलं. सोडायचं असं ठरवलंही नव्हतं.

तर आता मी एका रात्रशाळेत आठवड्यातून तीन संध्याकाळी दहावीचं बीजगणित शिकवतो. नोकरी आहे तशीच आहे. वर्गात कॅन्टीनमध्ये काम करणारी मुलं आहेत, कुरिअरवाले आहेत, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले एक गृहस्थ आहेत. नऊ वाजता त्यांचे डोळे मिटत असतात. तरी वर्गसमीकरण सुटलं की जो चेहरा दिसतो तो माझ्या ऑफिसात वीस वर्षांत कुणाचा झालेला मी पाहिलेला नाही.

इथेच लेख संपवता आला असता. पण एका रविवारी फाळक्यांची ही सगळी कथा मी घरी रंगवून सांगत होतो. विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ साली लंडनला कसे गेले, सतत चित्रपट पाहून मधे काही काळ दृष्टीही कशी गेली होती, सरस्वतीबाईंनी दागिने कसे काढून दिले, फिल्मला भोकं कशी पाडली, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक कसा केला, आणि ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' कसा लागला. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सरस्वतीबाईंना आधी विचारलं होतं का हो?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण मीही विचारलं नव्हतं. रात्रशाळेत नाव देऊन आलो आणि मग जेवताना सांगितलं. त्या वर्षी आमच्या मुलाची दहावी होती. इतरांच्या पोरांना मी अवयव पाडायला शिकवत होतो आणि घरी त्याच्या वह्या ती तपासत होती, दिवसभर स्वतःची नोकरी करून. मला त्या काळात आपण फार खरं जगतोय असं वाटत होतं. ते खोटं नव्हतं. पण त्याचा हप्ता दुसरं कुणी भरत होतं.

त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बोललो. बरंचसं ऐकवणारं होतं. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता कळलं की तिचंही एक राहून गेलेलं आहे, लग्नाआधी सुटलेलं सतारीचं शिक्षण. अठरा वर्षांत मी ते एकदाही विचारलं नव्हतं.

आता मी तीनऐवजी दोनच दिवस जातो. बुधवारी संध्याकाळी ती क्लासला जाते आणि कुकर मी लावतो. मुलगा अकरावीत गेला आहे. गणित अडलं तर सांग, असं त्याला दोनदा म्हणून झालं. तो म्हणतो, "नको बाबा, आईला कळतं मला काय येत नाही ते."