सुट्टीतला दिवस किती तासांचा?

नाताळची सुट्टी लागण्याआधी महाविद्यालयातील मुलांना आपण सहसा एवढेच सांगतो, "मजा करा, पण अभ्यासही करा." शिक्षकांच्या दृष्टीने ही सुट्टी छोटी, आठ-दहा दिवसांची. परंतु ज्याचे मन आधीच खचलेले आहे, त्याचे दोन आधार या दिवसांत एकदम निघून जातात: ठरलेली वेळ आणि ठरलेली माणसे. पहिल्या आधाराकडे आपले लक्ष क्वचितच जाते, म्हणून आम्ही तेथूनच सुरुवात करतो.

लालबागच्या एखाद्या चाळीतील दहा बाय बाराची खोली डोळ्यांपुढे आणा. पाच-सहा माणसे, पुढे गॅलरी, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा पोटमाळ्यावर झोपतो. सारे घर निजल्यावरच त्याला एकांत मिळतो, म्हणून मोबाइल घेऊन तो रात्री दोन-तीनपर्यंत जागा असतो. एरवी सकाळच्या महाविद्यालयासाठी उठावेच लागते. सुट्टीत तो अकराला उठतो आणि 'आळशी' म्हणून बोलणी खातो. या एका शब्दाने घरोघरी बरेच नुकसान होते, असे आम्हाला वाटते.

कारण यात सगळा दोष त्याचा नाही. आपल्या मेंदूच्या तळाशी सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका आहे. तेच आपले जैविक घड्याळ. बहुतेक माणसांत ते चोवीस तासांहून किंचित मंद चालते आणि सकाळच्या उजेडाने रोज जुळवून घ्यावे लागते. वयात येताना ते आणखी मागे सरकते. विशीच्या आसपास झोपेची नैसर्गिक वेळ आयुष्यातील सर्वांत उशिराची असते. रात्री डोळ्यांवर प्रकाश पडला की झोपेची वेळ सुचवणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवते आणि सकाळचा उजेड चुकला की घड्याळ जुळवायचे राहून जाते. या वस्तीला एके काळी गिरणीचा भोंगा वेळ सांगत असे. पाळ्यांचे ते जीवन शरीराला मानवत होते असे मुळीच नाही, पण दिवसाला चौकट होती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. आज या मुलाचा भोंगा म्हणजे त्याचे वेळापत्रक, आणि सुट्टीत तेही गप्प असते.

आता एक सोपे गणित वर्गात करून पाहा. पंचांगात २१ डिसेंबरचा सूर्योदय व सूर्यास्त पाहा. मुंबईत सूर्य सकाळी सातनंतर थोड्या मिनिटांनी उगवतो आणि सायंकाळी सहानंतर लवकरच मावळतो. म्हणजे दिवस सुमारे ११ तासांचा. लंडनमध्ये त्याच तारखेला तो आठ तासांहून थोडा कमी असतो. अशा उत्तरेकडील प्रदेशांत काहींना दर हिवाळ्यात नैराश्य येते. १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले व प्रखर प्रकाशाचा उपचार करून पाहिला. मुंबईला त्याची फारशी चिंता नसावी. पण आपला मुलगा अकराला उठतो! त्याच्या वाट्याला सातच तास उरतात, म्हणजे लंडनपेक्षाही कमी, आणि तेही पोटमाळ्यावर. ट्यूबलाइटच्या उजेडात खोलीत एक-दोनशे लक्स प्रकाश असतो. बाहेर सावलीतसुद्धा तो काही हजार लक्स असतो. यावरून त्याला तो आजार झाला असे म्हणता येणार नाही. मात्र बिघडलेली झोप आणि खचलेले मन एकमेकांना आणखी खाली ओढतात, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

मग करायचे काय? "मन ताळ्यावर आले की बाहेर पडेन," असे तो म्हणतो. येथे क्रम उलटा लावावा लागतो. विक्रम पटेल आणि गोव्यातील 'संगाथ' संस्थेच्या सहकाऱ्यांनी तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर सहा ते आठ भेटी देण्यात आल्या. भेटणारे डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. भर एकाच गोष्टीवर होता: मन नसले तरी रोज एखादे ठरवलेले, अर्थपूर्ण काम करणे. तीन महिन्यांनी या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातील ३९ टक्के.

शिक्षकाने उपचारक व्हावे असा याचा अर्थ नाही. त्या लोकांना शिकवणारे आणि त्यांच्यावर देखरेख करणारे तज्ज्ञ होते. पण सुट्टीआधी दोन-दोन मुलांच्या जोड्या लावून देणे, सकाळी आठला काळाचौकीच्या शहीद भगतसिंग मैदानावर अर्धा तास चालायचे असे त्यांच्याकडूनच ठरवून घेणे आणि मधल्या एका दिवशी स्वतः फोन करणे, एवढे जमण्यासारखे आहे. एखादी मुलगी घरकामात अडकलेली असेल तर तिच्यासाठी हा अर्धा तास आईकडून मागून घ्यावा लागेल. शिक्षकांनी मागितला तर तो बहुधा मिळतो.

काही वेळा एवढ्याने भागत नाही. दोन आठवडे टिकलेली उदासी, जेवणावरून उडालेले मन, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" अशी भाषा, यांतले काही दिसले तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील होते. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. पण नाताळात समुपदेशकही सुट्टीवरच असणार! उत्तर 'हो' आले तर मुलाला एकटे सोडू नका, घरच्यांना विश्वासात घ्या आणि परळच्या केईएमसारख्या मोठ्या रुग्णालयात सोबत जा. सणाच्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग बंद असला तरी तातडीचा विभाग उघडा असतो.

ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवाही आहे. १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीतून बोलता येते. मात्र चाळीत एक अडचण येते. खोलीतून बोलले तर घर ऐकते, गॅलरीतून बोलले तर मजला ऐकतो. म्हणून मुलांना क्रमांक लिहून देताना फोन कोठून करशील, हेही त्याच वेळी ठरवून घ्यावे: गच्ची, मैदानातील बाक किंवा मित्राची रिकामी खोली.