विषम वर्षांचा आठवडा : ऑनलाइन लिलावातला टाइमशेअर आणि काही घातक समजुती

न्यू जर्सीत एडिसनला आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब राहतं. पुण्याहून आई-बाबा येतात, नातवंडांना सुट्टी असते, मग दर उन्हाळ्यात ओरलँडोला हक्काचं घर असावं, एवढीच त्यांची हौस. नवऱ्याने ऑनलाइन लिलावात दोन बेडरूमच्या टाइमशेअरवर बोली लावली आणि ती दीडशे डॉलरला त्याच्या नावावर सुटली. कागदपत्रांचा खर्च वेगळा, साडेचारशे. जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं : २६वा आठवडा, दरवर्षी.

दहा-बारा दिवसांनी डीडचा, म्हणजे खरेदीखताचा मसुदा ईमेलने आला. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही तो ओळ न् ओळ वाचला. रिसॉर्टचं नाव बरोबर, युनिटचा क्रमांक बरोबर, आठवडाही बरोबर. पण आठवड्याच्या आकड्यानंतर एक छोटासा शब्द होता : ‘ऑड’. म्हणजे फक्त विषम वर्षी. दरवर्षीचा म्हणून विकलेला आठवडा वर्षाआडचा निघाला. अर्धी वस्तू पूर्ण म्हणून गळ्यात मारली होती.

त्या संध्याकाळी आणि पुढच्या दोन दिवसांत त्याला आप्तमित्रांकडून जे सल्ले मिळाले, त्यातले बहुतेक चुकीचे होते. सल्ले देणारी माणसं शिकलेली आणि मनाने चांगली होती. म्हणूनच या समजुती एकदा नीट तपासून घ्यायला हव्यात.

पहिला सल्ला सगळ्यांनी दिला. “ईबेवर घेतलंस ना? मग काळजी कसली? वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ते पैसे परत देतात.” मोबाइल, साडी, घड्याळ यांच्या बाबतीत हे खरं आहे. टाइमशेअर मात्र तिथे स्थावर मालमत्तेच्या विभागात मोडतो आणि ईबेची पैसे परत देण्याची हमी स्थावर मालमत्तेला लागू नाही. पेपलच्या खरेदीदार संरक्षणातूनही स्थावर मालमत्ता वगळलेली आहे. साइटवर तक्रार जरूर नोंदवा, विक्रेत्याबद्दल खरा अभिप्रायही लिहा. पण त्या तक्रारीच्या उत्तराची वाट पाहत महिनाभर बसू नका. तोच महिना तुमच्या हातचा सगळ्यात मोलाचा असतो.

दुसरी समजूत तीन दिवसांची. अमेरिकेत कोणताही व्यवहार तीन दिवसांत मोडता येतो, असं आपल्या मंडळींत सर्रास बोललं जातं. केंद्रीय व्यापार आयोगाचा, म्हणजे एफटीसीचा, तीन दिवसांचा नियम आहे; पण तो प्रामुख्याने दारावर किंवा तात्पुरत्या जागी येऊन केलेल्या विक्रीसाठी आहे. पूर्णपणे ऑनलाइन झालेल्या खरेदीला तो लागत नाही आणि स्थावर मालमत्तेलाही नाही. टाइमशेअर रद्द करण्याची मुदत राज्यांच्या कायद्यांत असते : फ्लोरिडात १० दिवस, कॅलिफोर्नियात ७, नेवाडात ५. या मुदती मुळात रिसॉर्ट उभारणाऱ्या कंपनीकडून केलेल्या खरेदीसाठी आखलेल्या आहेत. एका मालकाकडून दुसऱ्याने घेतलेल्या आठवड्याला त्या मिळतीलच असं नाही. तरीही करारपत्र हातात आलं की त्यात रद्द करण्याचं कलम आहे का, हे त्याच दिवशी पाहा. असेल तर लेखी, कलमात सांगितलेल्या पद्धतीनेच आणि मुदतीच्या आत कळवा. फोनवर ‘कॅन्सल करा’ म्हणणं म्हणजे रद्द करणं नव्हे.

आता सगळ्यात घातक समजूत : “जाऊ दे, बुडाले तर दीडशे डॉलर.”

टाइमशेअर एका डॉलरलाही का विकायला असतो, हे कळलं की हा सल्ला किती धोक्याचा आहे ते लक्षात येतं. दर वर्षी येणारा मेंटेनन्स हे त्याचं कारण. दोन बेडरूमच्या आठवड्याला वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून जास्त मेंटेनन्स ही सामान्य गोष्ट आहे. तुम्ही जा वा न जा, बिल येतंच. वादळाने छप्पर उडालं, पोहण्याचा तलाव नव्याने बांधायचा ठरला, तर त्याची वेगळी वर्गणी. कंटाळलेले किंवा म्हातारे झालेले मालक हा बोजा उतरवण्यासाठी ‘सुटका’ करून देणाऱ्या मध्यस्थांना स्वतःच्या खिशातून हजारो डॉलर देतात. तोच आठवडा मग मध्यस्थ लिलावात एका डॉलरला टाकतो. त्याची कमाई आधीच झालेली असते, त्याला फक्त कागदावर दुसरं नाव हवं असतं. अनेकदा त्याने तो रिसॉर्ट पाहिलेलाही नसतो. जुन्या मालकाने भरून दिलेल्या फॉर्मवरून जाहिरात उतरवलेली असते. आमच्या मित्राच्या मसुद्यात विकणारे म्हणून ओहायोतल्या एका जोडप्याची नावं होती. ज्याच्याशी त्याने ईमेलवर बोलणी केली, त्याचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं.

इथे आपल्या लोकांची आणखी एक गफलत होते. भारतात सुट्टीची मेंबरशिप बहुधा ठरावीक वर्षांची असते, २५ वर्षं झाली की संपली. अमेरिकेत मात्र डीडवर विकलेला आठवडा ही मालमत्ता असते, तिला बहुतेकदा शेवटची तारीख नसते. बिल थकलं तर वसुली, क्रेडिट खराब होणं, जप्ती हे सगळं मागे लागू शकतं. तिथेही काही टाइमशेअर नुसत्या वापराच्या हक्काचे आणि मुदतीचे असतात. आपला कोणता, ते जाहिरातीवरून ठरवू नका, कागद मागा. तेव्हा पणाला लागलेली रक्कम दीडशे नसते. आजचा मेंटेनन्स गुणिले पुढची किती वर्षं, असा हिशोब मांडा. चुकीचा आठवडा ‘राहू दे’ म्हणून ठेवणं हा त्यातला सगळ्यात महाग पर्याय आहे.

चौथी समजूत : नोंदणी झाली की मालकी आली. आपल्याकडे खरेदीखत नोंदवलं तरी सातबाऱ्यावर फेरफार व्हायचा राहतो. फ्लॅट घेतला तरी सोसायटीच्या दप्तरी नाव चढेपर्यंत जीव टांगणीला असतो. तसंच तिथे आहे. डीड काउंटीच्या कार्यालयात नोंदवलं जातं, ओरलँडोचं बरंचसं ऑरेंज काउंटीत. त्यानंतर रिसॉर्टने आपल्या वहीत नाव बदलायचं असतं. त्यासाठी वेगळी फी असते, मागची थकबाकी भरलेली असावी लागते आणि अनेक रिसॉर्ट कंपन्यांनी पहिल्या खरेदीचा हक्क राखून ठेवलेला असतो. तुमचा सौदा त्यांना कळवावा लागतो, त्यांनी हक्क सोडला तरच तो पुढे सरकतो. डीडचा प्रकारही पाहा. क्विटक्लेम डीडमध्ये विकणारा एवढंच म्हणतो, की माझा जो काही हक्क असेल तो दिला. हक्क होता की नव्हता, किती होता, याची तो कसलीही ग्वाही देत नाही.

हे सगळं एका कागदात कळतं. त्याला एस्टॉपेल लेटर म्हणतात. रिसॉर्ट किंवा तिथल्या मालकांची संस्था ते देते. मालक कोण, युनिट कोणतं, आठवडा ठरलेला की दर वेळी बदलणारा (फ्लोटिंग), दरवर्षी की वर्षाआड, या वर्षीचा वापर शिल्लक आहे की आधीच संपवलेला, मेंटेनन्स किती, थकबाकी आणि कर्ज किती, हे त्यात असतं. विक्रेत्याने दिलेली प्रत धरू नका. रिसॉर्टकडून थेट मागवा. मालकाच्या संमतीशिवाय ते मिळत नसेल तर ती संमती विक्रेत्याकडून लेखी घ्या. हे पत्र पैसे देण्याआधी मागवायचं असतं. पण फसवणूक उघड झाल्यावरही तेच पहिलं मागवा, कारण जाहिरात आणि वस्तुस्थिती यांतला फरक दाखवणारा त्याच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही. आमच्या मित्राला ते सहा दिवसांत मिळालं. ‘वर्षाआड, विषम’ हे शब्द त्यात स्पष्ट होते आणि एका वर्षाची थकबाकीही होती. ती तर जाहिरातीत नव्हतीच.

“जाहिरातीत ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहिलंय, आता काही करता येणार नाही.” हेही बरोबर नाही. विकलेल्या वस्तूबद्दल महत्त्वाची खोटी माहिती दिली आणि तिच्यावर विसंबून घेणाऱ्याने व्यवहार केला, तर तो व्यवहार उलटवून घेण्याची मागणी करता येते. ‘आहे त्या स्थितीत’ या शब्दांनी खोटेपणाला सहसा आसरा मिळत नाही. विक्रेत्याने जाणूनबुजून फसवलं की त्याची चूक झाली, याचा फरक नुकसानभरपाईत पडतो; पण प्रामाणिक चुकीतही व्यवहार उलटवण्याची वाट बहुधा खुली असते. उलट ‘स्वर्गासारखा रिसॉर्ट’, ‘अप्रतिम देखावा’ ही नुसती स्तुती. देखावा अप्रतिम नव्हता म्हणून पैसे परत मिळत नाहीत. वर्षं, आठवडा, बेडरूम, पॉइंट्स, थकबाकी या मोजता येणाऱ्या गोष्टींवर बोट ठेवा.

आणि एक पथ्य कटाक्षाने पाळा. खोटेपणा कळल्यानंतर तो आठवडा वापरू नका, बदलीला देऊ नका, ‘तोवर भाड्याने देऊ’ असंही करू नका. वापरलात की तुम्हाला तो व्यवहार मान्य होता, असं म्हणायला समोरच्याला जागा मिळते. उशीर केला तरी तेच.

स्वस्तात घेतलेल्या आठवड्याला कंपनीच्या सगळ्या सवलती मिळतात, ही समजूत मी थोडक्यात आवरतो. दुसऱ्या हातच्या मालकांसाठी कंपन्या नियम वेगळे ठेवतात. डिस्नी व्हेकेशन क्लबने १९ जानेवारी २०१९ पासून असा नियम केला, की जुन्या रिसॉर्टचे दुसऱ्या हातून घेतलेले पॉइंट्स रिव्हिएरा आणि त्यानंतरच्या नव्या रिसॉर्टमध्ये वापरता येत नाहीत. विक्रेत्याने ‘कुठेही वापरा’ असं लिहिलं असेल, तर त्या ओळीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

आता क्रेडिट कार्ड. “कार्डवाले लगेच पैसे फिरवतात” असं एकाने सांगितलं आणि “जमिनीच्या व्यवहारात कार्डाचा काय संबंध” असं दुसऱ्याने. दोघेही चुकले. १९७४च्या फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्टनुसार ठरल्याप्रमाणे न मिळालेल्या वस्तूचं किंवा सेवेचं बिल लेखी आव्हान देऊन अडवता येतं. ते पत्र, ज्या स्टेटमेंटमध्ये ती रक्कम पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत कार्ड कंपनीला पोचलं पाहिजे. कंपनीने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग चक्रांत, जास्तीत जास्त ९० दिवसांत, निकाल द्यायचा. तोवर वादातली रक्कम भरावी लागत नाही. निकाल तुमच्या बाजूने लागेलच असं नाही, पण हा दरवाजा खरा आहे. वायर ट्रान्सफर, झेल किंवा मनी ऑर्डरने पैसे दिले असतील तर हा दरवाजा नसतो.

आमच्या मित्राने हाच दरवाजा वापरला, पण त्याआधी आणखी एक काम केलं. मसुदा वाचला त्याच रात्री त्याने विक्रेत्याला आणि कागदपत्रं करणाऱ्या कंपनीला लिहिलं, की हा मसुदा मला मान्य नाही, डीड नोंदवू नये. डीड लागू व्हायला घेणाऱ्याची स्वीकृती लागते. पण घेणाऱ्याची सही सहसा डीडवर नसते, विकणाऱ्याची असते. आणि एकदा ते नोंदलं गेलं की तुम्ही ते स्वीकारलं असं गृहीत धरलं जाऊ शकतं. म्हणून नकार आधी आणि लेखी हवा. नोंदणी थांबली. विक्रेत्याने ‘शंभर डॉलर परत देतो, विषय मिटवू’ असं कळवलं. मित्राने ते घेतले नाहीत. कार्ड कंपनीकडे जाहिरातीचा स्क्रीनशॉट, मसुदा आणि एस्टॉपेल लेटर पाठवलं. अडीच महिन्यांनी सहाशे डॉलर परत आले.

डीड आधीच नोंदलं गेलं असतं तर काम जास्त अवघड होतं. तेव्हा नुसते पैसे मागून भागत नाही. मालकी परत करणारं उलट डीड विकणाऱ्याने स्वीकारून नोंदवून घ्यावं लागतं. तो तयार नसेल तर कोर्ट. छोट्या दाव्यांच्या कोर्टाची मर्यादा न्यू जर्सीत ५,००० डॉलर, फ्लोरिडात ८,००० आहे. पण ही कोर्टं बहुतेक ठिकाणी पैशांचा निकाल देतात, डीड रद्द करत नाहीत. त्यासाठी रिसॉर्ट ज्या राज्यात आहे तिथल्या स्थावर मालमत्तेच्या वकिलाचा एक तास विकत घ्या. एफटीसी, एफबीआयचं इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्र आणि राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल यांच्याकडे तक्रार नोंदवा. ते तुमचा खटला लढत नाहीत, पण एकाच विक्रेत्याविरुद्धच्या तक्रारी तिथे एकत्र होतात.

शेवटची समजूत मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते : पैसे मिळवून देणारा माणूस स्वतःहून फोन करतो. टाइमशेअर मालकांची माहिती ठगांच्या हाती फिरते. ‘तुमची भरपाई मंजूर झाली आहे, आधी कर भरा’, ‘खरेदीदार तयार आहे, आधी फी पाठवा’ असे फोन येतात आणि आधी पोळलेला माणूस पुन्हा पैसे पाठवतो. मेक्सिकोतल्या अशा टाइमशेअर फसवणुकीत २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकी लोकांनी मिळून जवळजवळ ३० कोटी डॉलर गमावल्याची नोंद एफबीआयकडे झाली. अमेरिकी अर्थखात्याने जुलै २०२४मध्ये तसा इशाराच दिला. आपले सेवानिवृत्त आई-वडील अशा फोनवर आदराने बोलतात आणि समोरच्यावर विश्वास ठेवतात. त्यांना हे आजच सांगून ठेवा. आधी पैसे मागणारा माणूस पैसे परत मिळवून देत नाही.

तुमच्या हातात असा कागद आला असेल, तर आज रात्रीच पत्र लिहा. लिलावाचा क्रमांक आणि तारीख, जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं, त्याखाली डीड किंवा एस्टॉपेल लेटरमधलं वाक्य जसंच्या तसं, मग ‘मी हा व्यवहार रद्द करत आहे, सर्व रक्कम या तारखेपर्यंत परत करावी, डीड नोंदवू नये’ एवढंच. शिवीगाळ नको, धमकी नको. ईमेलने पाठवा आणि पोचपावतीच्या सर्टिफाइड मेलनेही पाठवा. त्याआधी जाहिरातीच्या पानाची प्रत काढून ठेवा, कारण लिलावाची पानं कायम राहत नाहीत.