प्राथमिक शिक्षकाची पदवी : दिल्ली विद्यापीठातील एक प्रयोग

प्राथमिक शाळेत शिकविणाऱ्याचे स्वतःचे शिक्षण किती असावे, या प्रश्नाचे उत्तर भारतात दीर्घकाळ एका सोप्या समजुतीवर आधारलेले होते. मूल जितके लहान, तितके त्याला शिकविण्याचे काम सोपे, अशी ती समजूत होय. महाविद्यालयात शिकविणारा पदव्युत्तर असावा, माध्यमिक शाळेतील शिक्षक पदवीधर असावा आणि प्राथमिक शाळेतील गुरुजींना शालेय शिक्षण व त्यावर थोडे प्रशिक्षण पुरेसे आहे, अशी उतरंड त्यातून निर्माण झाली. महाराष्ट्रात एके काळी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी उत्तीर्ण झालेला तरुण शिक्षक होऊ शकत असे. पुढे शालान्त परीक्षा व त्यानंतर बारावी ही अट आली आणि तिच्यावर दोन वर्षांची डी.एड. ही पदविका. अट वाढत गेली. परंतु प्राथमिक शिक्षकाचे शिक्षण विद्यापीठाच्या कुंपणाबाहेरच राहिले.

या अलगपणाकडे कोठारी आयोगाने स्पष्टपणे लक्ष वेधले होते. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातील जे. पी. नाईक हे होते. १९६६ साली सादर झालेल्या अहवालात शिक्षक-प्रशिक्षण हे विद्यापीठीय जीवनापासून, प्रत्यक्ष शाळांपासून आणि एकमेकांपासूनही तुटलेले आहे, असे निदान केले होते. ते विद्यापीठाच्या मुख्य प्रवाहात आणावे, ही आयोगाची शिफारस होती. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथील प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांत चार वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम तत्पूर्वीच सुरू झाले होते. पण त्यांचा रोख माध्यमिक शिक्षकांवर होता. १९८३ ते १९८५ या काळात काम केलेल्या राष्ट्रीय शिक्षक आयोगानेही बारावीनंतरच्या चार वर्षांच्या शिक्षणाचा पुरस्कार केला. तथापि पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी स्वतंत्र विद्यापीठीय पदवी असावी, ही कल्पना प्रत्यक्षात उतरण्यास १९९४ साल उजाडावे लागले.

पदवीचा आरंभ

त्या वर्षी दिल्ली विद्यापीठाने ‘बॅचलर ऑफ एलिमेंटरी एज्युकेशन’, संक्षेपाने बी.एल.एड., ही चार वर्षांची पदवी सुरू केली. तिची आखणी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातील मौलाना आझाद केंद्रात झाली आणि त्या कामी प्राध्यापिका पूनम बत्रा यांचा पुढाकार होता. आरंभ जीझस अँड मेरी महाविद्यालयात झाला. पुढे गार्गी, लेडी श्रीराम, मिरांडा हाऊस, माता सुंदरी, श्यामा प्रसाद मुखर्जी, अदिती महाविद्यालय व गृहअर्थशास्त्र संस्था येथे तिचा विस्तार झाला. ही सर्व महिला महाविद्यालये होत.

या रचनेतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचे स्थान. शिक्षिका होऊ इच्छिणारी विद्यार्थिनी इतिहास, भौतिकशास्त्र किंवा वाङ्मय शिकणाऱ्या विद्यार्थिनींच्या आवारात, त्याच ग्रंथालयात व त्याच वादसभांत वावरू लागली. अभ्यासक्रमातही हाच विचार आहे. बालविकास, समकालीन भारत, भाषेचे स्वरूप, बोधन आणि अध्ययन, अभ्यासक्रमाचा विचार, लिंगभाव आणि शालेय शिक्षण हे पायाभूत विषय आहेत. गणित, नैसर्गिक विज्ञान व सामाजिक शास्त्रे यांचा गाभा सर्वांसाठी सक्तीचा आहे. शिवाय हिंदी, इंग्रजी, इतिहास, राज्यशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र अशा विषयांपैकी एकाचा दोन वर्षे सखोल अभ्यास करावा लागतो. नाट्य, हस्तकला, कथाकथन व बालसाहित्य यांनाही त्यात स्थान आहे.

शालेय गणित पुन्हा शिकणे

बारावी उत्तीर्ण विद्यार्थिनीला शाळेतील गणित पुन्हा का शिकवावे, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. एका लहानशा उदाहरणाने त्याचे उत्तर मिळते. बावन्नातून सत्तावीस वजा करावयास सांगितले असता एखादे मूल पस्तीस असे उत्तर लिहिते. केवळ रीत पाठ असलेला शिक्षक त्यावर लाल फुली मारील आणि हातचा कसा घ्यावयाचा हे पुन्हा एकदा सांगेल. परंतु मुलाचे उत्तर अंदाजपंचे आलेले नसते. पाचातून दोन गेले तीन उरले, हे त्याने बरोबर केले. एकं स्थानी दोनातून सात जात नाहीत असे दिसताच त्याने सातातून दोन वजा केले. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करावयाचा, असा नियम त्याने मनाशी बांधलेला आहे. दशक सुटे करून दहा एकक मिळतात ही स्थानमूल्याची कल्पना त्याच्या मनात पक्की झालेली नाही, हे त्यातून कळते. काड्यांचे गठ्ठे सोडून दाखविले, तर ती कल्पना पक्की होऊ शकते. मात्र त्यासाठी शिक्षकाला ती स्वतःला नीट समजलेली असली पाहिजे.

अपूर्णांकांच्या भागाकाराचेही तसेच. दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणावे, हे सर्वांस पाठ असते. का उलटावे, हे सांगणारे थोडे. पाऊण भाकरीत अर्ध्या भाकरीचे वाटे किती, असे विचारले की दीड हे उत्तर रीत न वापरताही सुचते आणि मग रीतीचा अर्थ उलगडतो. ज्या ज्ञानाला ‘सोपे’ म्हणून बाजूस सारले जाते, ते मुळातून समजून घेण्यास बौद्धिक परिश्रम लागतात. प्राथमिक शिक्षकाला विद्यापीठीय शिक्षण का हवे, याचे हे कदाचित सर्वांत साधे कारण होय.

भाषा आणि समाज

दिल्लीतील महानगरपालिकेच्या शाळांत येणारी असंख्य मुले स्थलांतरित कुटुंबांतील असतात. घरी भोजपुरी, मैथिली, बंगाली अथवा हरियाणवी बोलणाऱ्या मुलाला शाळेत प्रमाण हिंदी भेटते. वारली, भिली अथवा अहिराणी बोलणाऱ्या मुलांची महाराष्ट्रातील शाळेत होणारी अडचण याहून निराळी नाही. भाषेच्या स्वरूपाचा अभ्यास केलेली शिक्षिका मुलाच्या बोलीला अशुद्ध समजत नाही. प्रत्येक बोलीला स्वतःचे व्याकरण असते, हे ती जाणते. जात, वर्ग व लिंगभाव यांविषयी तिला केवळ माहिती असून भागत नाही. यासाठी आत्मविकासाच्या कार्यशाळा योजिलेल्या आहेत. त्यांत विद्यार्थिनी आपल्या स्वतःच्या बालपणाचा, भीतीचा व पूर्वग्रहांचा विचार करतात. ज्याने आपले पूर्वग्रह तपासलेले नाहीत, तो ते नकळत वर्गात घेऊन जातो, असे यामागील सूत्र आहे.

प्रत्यक्ष शाळेशी संबंध पहिल्या वर्षापासूनच येतो. मुलांचे निरीक्षण, शाळासंपर्क व वर्गव्यवस्थापन अशा पायऱ्यांनी चौथ्या वर्षी अनेक आठवड्यांच्या आंतरवासितेपर्यंत विद्यार्थिनी पोहोचते. ठरावीक संख्येचे पाठ घेऊन परत येणे असे तिचे स्वरूप नसते. शाळेच्या दैनंदिन कामकाजात सहभागी होऊन तेथे पुस्तके व साधने यांचे संसाधन केंद्र उभारणे, हाही तिचा भाग असतो.

मर्यादा आणि नवा वाद

या प्रयोगाच्या मर्यादाही उघड आहेत. तो एका विद्यापीठाच्या मोजक्या महाविद्यालयांपुरता राहिला. सर्व महाविद्यालये महिलांची असल्याने लहान मुलांना शिकविणे हे स्त्रियांचेच काम, या समजुतीला अप्रत्यक्ष पुष्टी मिळाली. चार वर्षांची पदवी घेतलेली शिक्षिका आणि दोन वर्षांची पदविका घेतलेली शिक्षिका यांना प्राथमिक शाळेत एकाच वेतनश्रेणीत काम करावे लागते. त्यामुळे अनेक पदवीधर पुढील शिक्षणाकडे किंवा अन्य क्षेत्रांकडे वळतात. शिवाय अनेक विषयांचे अध्यापक एकत्र लागत असल्याने असा अभ्यासक्रम चालविणे खर्चाचे ठरते.

उलट बाजूस, स्वस्तात आणि घाऊक प्रमाणात शिक्षक तयार करण्याचे परिणाम महाराष्ट्राने अनुभवलेले आहेत. राज्यातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेच्या वादातूनच सर्वोच्च न्यायालयाने न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ सालच्या त्याच्या अहवालाने शिक्षक-शिक्षण उच्च शिक्षणाचा भाग व्हावे, हे पुन्हा एकदा सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता करण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि २०२३-२४ पासून देशात तसा अभ्यासक्रम सुरू झाला.

अशा रीतीने दिल्लीतील प्रयोगाचे मूळ तत्त्व मान्य झाले; पण वाद मिटला नाही. २०२३ मध्ये दिल्ली विद्यापीठात बी.एल.एड.च्या जागी हा नवा अभ्यासक्रम आणण्याचा निर्णय पुढे आला, तेव्हा अध्यापकांतून विरोध झाला. समर्थकांच्या मते देशभर एकच चौकट असल्याने पदवीला सर्वत्र मान्यता मिळेल आणि जे थोड्यांना मिळत होते ते सर्वांना मिळेल. विरोधकांच्या मते चार वर्षे हा केवळ कालावधी आहे. बालविकास, विषयज्ञान, समाजविचार व शाळानुभव यांची दीर्घ अनुभवातून साधलेली वीण एकसाची आराखड्यात उसवली जाण्याचा संभव आहे.

या वादाचा निर्णय पदवीच्या नावावरून लागणार नाही. पस्तीस हे चुकीचे उत्तर पाहून फुली मारण्यापूर्वी मुलाच्या विचाराचा माग घेणारा शिक्षक ज्या शिक्षणातून घडेल, तेच शिक्षण उपयुक्त ठरेल. असा शिक्षक पहिलीच्या वर्गापासून मिळणे हा महानगरपालिकेच्या शाळेत बसणाऱ्या मुलाचा हक्क आहे, आणि त्याच्या वाट्याला दुसरी शाळा बहुधा येत नाही.