खवले, पर आणि पंगत : माशावरून माणूस ओळखण्याची गोष्ट

उज्जैनच्या इतिहास मंडळात माशांवर टिपण कशाला, असं कुणीही विचारेल. महाकालाचं गाव, क्षिप्रेचा घाट, इथं माशाचं काय काम? पण काम आहे. महाकालाच्या आजच्या मंदिराची उभारणी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात झाली, ती राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या पुढाकारानं. हे रामचंद्रबाबा शेणवी, म्हणजे कोकणातले सारस्वत ब्राह्मण. पुढे महादजींच्या काळात जिवबादादा बक्षी, दौलतरावांच्या काळात लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस असे सारस्वत शिंदेशाहीत मोठ्या जागांवर होते. आणि सारस्वत म्हटलं की मासा आलाच.

देशावरच्या ब्राह्मणांनी याच माशावरून सारस्वतांना अडवलं होतं. ब्राह्मणाची सहा कर्मं. त्यांतली अध्ययन, यजन आणि दान ही तीनच यांना, बाकीची तीन नाहीत, म्हणून ‘त्रिकर्मी’. वादाला इतरही कारणं होती, पण मत्स्याहार हे त्यातलं ठळक कारण. म्हणजे ताटात काय आहे यावरून पंगतीत कुणी कुठं बसायचं ते ठरत होतं.

आता याच्या बरोबर उलटी गोष्ट बघू. ताटात काय *नाही* यावरून एक समाज ओळखला गेला, आणि तोही मराठी बोलणारा.

अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यात बेने इस्राएल नावाचा यहुदी समाज शतकानुशतकं राहत आला. त्यांची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. हे लोक कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांचं नाव पडलं ‘शनिवार तेली’. आडनावं गावावरून : केहिमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर, नवगावकर. भाषा मराठी, बायकांचं नेसणं आपल्यासारखंच. धर्मग्रंथ हाताशी नव्हते. ‘शमा’ ही प्रार्थना, सुंता, शनिवारची विश्रांती आणि खाण्यातले काही नियम एवढं टिकून होतं.

पुढं डेव्हिड रहाबी नावाचे यहुदी गृहस्थ तिथं आले. शनिवार पाळणारे हे लोक आपलेच असावेत असा त्यांना संशय आला. खात्री करायला त्यांनी काय केलं? बायकांकडे तऱ्हेतऱ्हेचे मासे दिले आणि शिजवायला सांगितलं. बायकांनी मासे निवडले. पर आणि खवले असलेले एकीकडे ठेवले, उरलेले बाजूला सारले आणि म्हणाल्या, हे आम्ही खात नाही. रहाबींची खात्री पटली. मग त्यांनी तिघांना धर्मविधी शिकवून ‘काजी’ नेमलं, आणि झिराडकर, शापूरकर, राजपूरकर या घराण्यांकडे ते काम राहिलं.

हे रहाबी कधीचे, यावर दोन मतं आहेत. समाजाच्या परंपरेत ते कित्येक शतकांपूर्वीचे आहेत. अनेक अभ्यासक त्यांना अठराव्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी जोडतात. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला, तो 1937 साली तेल अवीवला छापला गेला. पुढच्या बहुतेकांनी त्याचाच आधार घेतला. गोष्ट घडली तशीच सांगितली गेली की सांगताना थोडी घडवली गेली, ते बाजूला ठेवू. तिच्यातली कसोटी मात्र नेमकी आहे. ती कशी, ते पाहायला नियम समजून घ्यावा लागतो.

नियम लेवीय या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात आहे, अनुवादाच्या चौदाव्यात पुन्हा येतो. पाण्यातल्या ज्या जिवाला पर आणि खवले दोन्ही आहेत तो खावा, बाकीचा खाऊ नये. कारण दिलेलं नाही. पुढं मिश्नेत एक सोय झाली : ज्याला खवले त्याला पर असतातच, पण पर असणाऱ्या प्रत्येकाला खवले नसतात. म्हणून खरं बघायचं ते खवलंच. तेराव्या शतकातल्या नाखमानीदीस या पंडितानं आणखी स्पष्ट केलं की खवला कातडी न फाटता सुटला पाहिजे.

आता हे कोकणच्या बाजारात लावून बघा. पापलेट, सुरमई, बांगडा, रावस चालले. कोळंबी, चिंबोरी, शेवंड, तिसऱ्या, कालवं, माकूल गेले. मुशी, म्हणजे शार्क, हीसुद्धा गेली. तिची कातडी खरखरीत असते, पण खवले सुटे निघत नाहीत. शिंगाळा तर बिनखवल्याचाच. आपल्याकडचं सांगायचं तर रोहू, कटला चालतील, मागूर चालणार नाही. नर्मदेतला महासीर, जो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, तो तर मोठाल्या खवल्यांसाठीच प्रसिद्ध.

कसोटीचं मर्म इथं आहे. अलिबागच्या किनाऱ्यावर कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या हे गरिबाघरचं रोजचं कालवण. शेजारचे कोळी-आगरी ते आवडीनं खातात. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, त्यांनाही समुद्रातलं जवळजवळ सगळं चालतं. म्हणजे शेजाऱ्यांकडून उचलावा असा हा नियम नव्हताच. स्वस्त आणि चवदार वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टाकायची तर मागं काहीतरी धरून ठेवलेलं असणार. आणि ते धरून ठेवलं होतं स्वयंपाकघरात, बायकांच्या हातात, पोथीशिवाय.

दुसरा नियम मांस आणि दूध एकत्र न करण्याचा. बेने इस्राएल घरांत मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध लागतं. कोकणात नारळाला तोटा नाही, तेव्हा नियमही राहिला आणि चवही. एलियाहू हन्नाबीच्या नावानं पोहे, गूळ, खोबऱ्याचा ‘मलिदा’ करतात, तोही कोकणच्या मातीतलाच.

ख्रिस्ती लोकांकडे हाच ग्रंथ आहे, पण वाट वेगळी झाली. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात पेत्राला दृष्टान्त होतो : आकाशातून एक चादर खाली येते, तिच्यात सगळ्या तऱ्हेचे प्राणी, आणि ‘खा’ अशी आज्ञा. पेत्र जातीचा मासेमार, यहुदी, तो नाही म्हणतो. पण दृष्टान्ताचा अर्थ पुढं माणसांवरच लावला जातो : कुणालाही अपवित्र म्हणू नये, परक्यांबरोबरही जेवायला बसावं. पंधराव्या अध्यायातल्या यरुशलेमच्या सभेनं बाहेरून आलेल्यांवर मूर्तीचा प्रसाद, रक्त आणि गळा दाबून मारलेलं मांस एवढीच खाण्याची बंधनं ठेवली. खवल्यांचा नियम सुटला, तो पंगत मोठी करण्यासाठी.

पण खाण्याचे नियम संपले नाहीत. ते वस्तूवरून वारावर गेले. वसईचे कॅथलिक घ्या, 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगीज अमलात असलेला मुलूख. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासा चालतो. कारण रोमन चर्चच्या हिशेबात मांस म्हणजे जमिनीवरच्या प्राण्यांचं. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासकाळात मासा वर्ज्य, पण कोळंबी, माकूल चालतात. लेवीयच्या अगदी उलट! पुण्यात 1942 पासून स्पायसर ही संस्था चालवणारे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मात्र खवल्यांचा जुना नियम आजही मानतात. आणि आपल्या उज्जैनचा कॅथलिक धर्मप्रांत, 1968 साली स्थापन झालेला, सीरो-मलबार म्हणजे केरळच्या परंपरेचा. त्या परंपरेत ईस्टरआधीच्या पन्नास दिवसांच्या उपासात मांसाबरोबर मासाही सोडायची जुनी रीत आहे. एकच ग्रंथ, आणि किती ताटं!

याच नियमांनी माणसं अडचणीतही आली. स्पेन-पोर्तुगालच्या धर्मन्यायालयांनी लपून यहुदी धर्म पाळणाऱ्यांना ओळखायच्या ज्या खुणा जाहीर केल्या, त्यांत डुक्कर न खाणं होतं, तसंच बिनखवल्याचा मासा न खाणंही. गोव्यात 1560 साली तसंच न्यायालय बसलं. वैद्य गार्सिया द ओर्ता 1568 साली वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला यहुदी रीती पाळल्याच्या आरोपावरून जाळलं, आणि 1580 साली त्यांचीही हाडं उकरून जाळली. अलिबागेत जी खूण नातं जोडायला उपयोगी पडली, तीच थोड्या अंतरावर गोव्यात जिवावर बेतू शकत होती.

बेने इस्राएलांची परीक्षा माशावर संपली नाही. इस्रायलला गेल्यावर 1962 साली तिथल्या धर्मपीठानं त्यांच्या लग्नांसाठी पूर्वजांची चौकशी करायचा नियम काढला. मराठी बोलणाऱ्या या माणसांनी धरणं धरलं, आणि 1964 साली ते सर्वार्थानं यहुदी आहेत हे तिथल्या संसदेला सांगावं लागलं. महाराष्ट्रानं 2016 साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमधल्या या समाजानं ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवलं, तेव्हा कुणाला कुठलं म्हणायचं ते त्यांनी आपलं आपण ठरवलेलं दिसतं.

आपण माळव्यातले मराठी लोकही कोकणातून, देशावरून आलेले. कोण काय खात नाही, कुठल्या वारी खात नाही, कुणाच्या घरचं घेत नाही, हे कागदपत्रात सापडत नाही. आजीच्या तोंडी असतं. शिंदेशाहीत आलेल्या सारस्वत घरांनी इथं आल्यावर मासा ठेवला की सोडला, आणि कुणासाठी सोडला? ज्यांच्या घरी जुन्या पाकवह्या, खर्चाच्या वह्या किंवा नुसत्या आठवणी असतील त्यांनी त्या मंडळाला जरूर दाखवाव्यात. सनदा पुष्कळ वाचून झाल्या. आता स्वयंपाकघर वाचायला हवं.